चित्रकथा, चित्रपट आणि चाहत्याचे मत : एक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

नुकतीच वाचलेली चित्रकथा किंवा नुकताच पाहिलेला चित्रपट यांविषयी चारचौघांत मत देण्याचा अधिकार कोणी कोणाकडून मागून घेतल्याचे ऐकिवात नाही. तो प्रत्येकाने गृहीतच धरलेला असतो, आणि तरीही त्या मताची किंमत काय, ते समीक्षेच्या दफ्तरी दाखल व्हावे की चहाच्या टपरीवरच त्याचा निकाल लागावा, हा वाद गेली साठ-सत्तर वर्षे या ना त्या स्वरूपात आपल्याकडे चालू आहे. वादाचे पक्ष अनेक आहेत, प्रत्येकाच्या पदरी थोडेफार सत्य आहे, आणि पक्ष बदलणारी माणसेही पुष्कळ आहेत. या पक्षांची कैफियत क्रमाने मांडावी, कोणत्या मुद्द्यांवर एकवाक्यता झाली आहे व कोणते अद्याप फैसल्यावाचून पडून आहेत याची नोंद घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी हा वाद जरा निराळ्या रीतीने उभा राहतो. रेल्वे गाठायची तर नांदुरा. नव्या चित्रपटाचा पहिला आठवडा मोठ्या पडद्यावर साधायचा तर पुष्कळदा खामगाव, बुलढाणा किंवा अकोल्याची वाट. आणि टपालातून मागविलेले पुस्तक क्वचित खान्देशातल्या जळगावची यात्रा करून मग मुक्कामी पोचणार. अशा ठिकाणच्या रसिकापर्यंत कलाकृती येते ती बहुधा उशिरा, भाषांतरित किंवा ध्वनिमुद्रण बदललेल्या रूपात, आणि आता तर तळहाताएवढ्या पडद्यावर. मुंबई-पुण्याच्या समीक्षकास ज्या गोष्टीचा विचारही करावा लागत नाही ती येथे पहिल्याच पायरीवर आडवी येते : ज्या कलाकृतीवर मत दिले, तिची नेमकी कोणती प्रत मत देणाऱ्याने पाहिली? पुढील विवेचनात हा प्रश्न वारंवार डोकावेल, म्हणून त्याचा उल्लेख आरंभीच केलेला बरा.

२. पूर्वपीठिका

चित्रांच्या क्रमाने कथा सांगण्याची, आणि ती सांगता सांगता श्रोत्यांचा अनुकूल-प्रतिकूल अभिप्राय जागच्या जागी घेण्याची रीत महाराष्ट्रात छापील चित्रकथेच्या पुष्कळ आधीची आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची हाती रंगविलेली पाने पोथीसारखी क्रमवार दाखवीत वाद्यांच्या साथीवर आख्यान लावीत. सावंतवाडीच्या दरबाराचा त्यांना आश्रय होता. या घराण्याशी नाते सांगणारी, 'पैठणी' या नावाने परिचित असलेली चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत, आणि पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्याने ही परंपरा पुन्हा चर्चेत आली.

पडद्यावरची कथाही याच चित्रसृष्टीच्या शेजारी जन्मली. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी राजा रविवर्म्याच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यात काम करीत होते, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आरंभीच्या दृश्यांत रविवर्म्याच्या चित्रांची ठेवण कोणासही ओळखू येते. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या त्या चित्रपटापैकी आज जवळजवळ १,४७५ फूट एवढाच भाग उपलब्ध आहे. आणि तोही मूळचा नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे आपल्या पहिल्या चित्रपटाविषयी आपण आज जे काही बोलतो, ते एका अपुऱ्या आणि कदाचित वेगळ्याच प्रतीच्या आधाराने बोलतो.

छापील चित्रकथेचा मराठी घरातला प्रवेश मासिकांच्या वाटेने झाला. १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेले 'चांदामामा' १९५२ पासून 'चांदोबा' या नावाने मराठीत येऊ लागले. त्यात चौकटींची चित्रकथा थोडी आणि चित्रांनी सजविलेली गोष्ट अधिक, परंतु चित्र पाहून मग मजकुराकडे वळण्याची सवय त्याने एका अख्ख्या पिढीला लावली. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला फँटम लवकरच मराठीत 'वेताळ' होऊन अवतरला, आणि मँड्रेक जादूगार, पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर, हे त्याचे सोबती झाले. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' ही माला आरंभिली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांच्या कुंचल्याने तिला रूप दिले. १९७१ मध्ये बालभारतीचे 'किशोर' निघाले. १९९१ च्या नोव्हेंबरात चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' दैनिक 'सकाळ'मध्ये सुरू झाला आणि रोज सकाळी तीन-चार चौकटींत आटोपणारी चित्रपट्टी ही मराठी वाचकाच्या दिनक्रमाचा भाग बनली.

दरम्यान चित्रपटाची चिकित्सा करणाऱ्या संस्था उभ्या राहत होत्या. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ, असा तो क्रम आहे. मात्र या संस्थांचा वावर शहरांतच राहिला. वऱ्हाड-खान्देशाच्या लहान गावांत त्याच काळी चित्रपट पोचत होता तो जत्रेतल्या तंबूत, झिजलेल्या प्रतीवर, रीळ तुटले की शिट्ट्या आणि जोडले की टाळ्या अशा थाटात. चिकित्सक आणि चाहता यांच्या वाटा येथे फुटल्या, आणि पुढील वादाचे मूळ पुष्कळ अंशी या भौगोलिक वाटणीत आहे.

३. चिकित्सकांचा पक्ष

पहिला पक्ष असे म्हणतो की आवडनिवड ही मानसशास्त्राची बाब झाली. कलेचा विचार करावयाचा तर तिच्या घटकांचा व त्यांच्या परस्परसंबंधांचा करावा लागतो. या पक्षाला मराठीत भक्कम तात्त्विक पाया आहे. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीची घडण पाहण्याचा आग्रह धरला. तो चित्रकथेला लावून पाहिला तर आश्चर्य वाटावे इतका चपखल बसतो, कारण चित्रकथेचे पान म्हणजे लहानमोठ्या चौकटींचा, काळ्या-पांढऱ्या जागांचा आणि शब्द व मौन यांचा समतोलच होय. अमेरिकन चित्रकार स्कॉट मक्‌क्लाउड यांनी १९९३ साली चित्रकथेच्याच माध्यमात चित्रकथेचे शास्त्र लिहिले आणि दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत वाचकाची कल्पना कसे काम करते हे दाखवून दिले. १९९२ साली आर्ट स्पीगेलमन यांच्या 'माउस'ला पुलित्झर पारितोषिक मिळाल्यानंतर चित्रकथा ही गंभीर विचाराचा विषय आहे की नाही, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी निकालात निघाला.

या पक्षाचे बळ त्याच्या शिस्तीत आहे. 'मजा आली' असे म्हणून तो थांबत नाही. कशामुळे आली ते विचारतो. परंतु त्याच्या इतिहासात एक सावधगिरीची नोंदही आहे. १९५४ साली मानसचिकित्सक फ्रेडरिक वर्थम यांनी चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे पुस्तक लिहून अमेरिकेत एवढी खळबळ उडविली की प्रकाशकांनी स्वतःवरच नियमांची संहिता लादून घेतली. पुढे त्यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली तेव्हा कॅरोल टिली यांनी २०१२ साली दाखवून दिले की मुलांच्या साक्षींत त्यांनी ठिकठिकाणी फेरफार केले होते. आपल्याकडेही पाठ्यपुस्तकात लपवून वेताळ वाचणाऱ्या मुलाकडे गुरुजींनी ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेत शास्त्र किती आणि संशय किती, हे आज सांगणे कठीण आहे. चिकित्सेचा आव आणलेले प्रत्येक मत चिकित्साच असते असे नाही, एवढे यावरून निष्पन्न होते. शिस्तीचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

४. लोकादराचा पक्ष

दुसरा पक्ष म्हणतो : लाखो लोकांनी पैसे मोजून जे पाहिले, त्यांचा कौल हाच अखेरचा. 'सैराट'ने २०१६ साली मराठी चित्रपटाच्या गल्ल्याची परिमाणेच बदलली. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' पाहण्यासाठी गावोगावच्या स्त्रिया घोळक्यांनी, नऊवारी-पैठणी नेसून चित्रगृहांत गेल्या. आणि २०२५ च्या आरंभी शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरील 'छावा' हा हिंदी चित्रपट महाराष्ट्रात ज्या रीतीने पाहिला गेला, तो एक सामाजिक प्रसंगच होता. या पक्षाच्या मते अशा प्रतिसादास उथळ ठरविणारा समीक्षक समाजाची नाडीच हरवून बसलेला असतो.

या पक्षाच्या बाजूने सर्वांत बळकट दाखला द्यावयाचा तर तो 'संत तुकाराम'चा. दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली प्रभातने १९३६ साली काढलेला हा चित्रपट साध्या भाविक प्रेक्षकांनी वर्षाहून अधिक काळ चालविला, आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात तो जगातील निवडक उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला; पुढे गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी त्याच्यावर गंभीरपणे लिहिले. लोकांचा कौल आणि जाणकारांचा निवाडा येथे एकाच ठिकाणी येऊन थांबले, तेही परस्परांना न विचारता.

आक्षेप असा की असे दाखले मोजकेच, आणि आता गल्ल्याचा आकडा हा मताचा परिणाम न राहता मताचे कारण होऊ लागला आहे. शुक्रवारचा आकडा शनिवारच्या प्रेक्षकाला काय आवडावे हे सांगतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते, आणि पाऊसपाण्याचे ते भाकीत पटणारे व न पटणारे असे दोघेही ते ऐकायला मात्र चुकत नाहीत; गल्ल्याच्या आकड्यांचे स्थान आज चित्रपटरसिकांत काहीसे तसेच झाले आहे. याचा अर्थ ते आकडे खोटे असतात असा नव्हे; ते कलाकृतीविषयी काय सांगतात आणि जाहिरातीविषयी काय, याची फोड करण्याचे साधन प्रेक्षकाच्या हाती नसते, इतकाच.

५. चाहत्यांचा पक्ष

तिसरा पक्ष संख्येवर उभा राहत नाही आणि शास्त्रावरही राहत नाही; तो निष्ठेवर उभा राहतो. ज्याने वेताळाचे शेकडो अंक पुनःपुन्हा वाचले, कवटीच्या गुहेतल्या सिंहासनाचे चित्र ज्याला डोळे मिटून काढता येते, त्याला त्या विषयात एक विशेषाधिकार प्राप्त होतो, असे हा पक्ष मानतो. आपल्या काव्यशास्त्राने सहृदयाला, म्हणजे काव्याच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे त्याला, रसास्वादाचा अधिकारी मानले. चाहत्यांचा पक्ष नकळत त्याच परंपरेत बसतो, फक्त त्याचे अनुशीलन काव्याऐवजी कॉमिक्सचे असते.

या अधिकाराचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. येथल्या एका परिचितांकडे मराठी इंद्रजालच्या अंकांचा एक गठ्ठा दोऱ्याने शिवून ठेवलेला आहे. कित्येक अंकांची मुखपृष्ठे गेलेली, एका वाचनालयाचा जांभळा शिक्का नेमका वेताळाच्या छातीवर उमटलेला, आणि एका अंकाचे शेवटचे पान फाटून गेलेले. तो अंक त्यांच्या मते मालेतला सर्वोत्तम आहे. त्याचा शेवट त्यांनी कधीच वाचलेला नाही. खलनायकाचे काय झाले हे त्यांनी लहानपणी स्वतःच ठरविले आणि त्यात आजतागायत बदल केलेला नाही. या मताला कोणता चिकित्सक मान्यता देईल? आणि तरीही त्या अंकातील चित्रांची मांडणी, रंगांची फिकट छपाई, रात्रीच्या जंगलाच्या चौकटींत काळ्या शाईचा केलेला वापर, यांविषयी ते जे बारकावे सांगतात, ते कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत.

चाहत्यांच्याच चिकाटीमुळे आपल्याला हेही ठाऊक झाले की इंद्रजालमधला वेताळ हा मूळ फँटमची तंतोतंत नक्कल नव्हता. वृत्तपत्रांतल्या पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसविताना चौकटी कापल्या जात. बंगालशी गोंधळ होऊ नये म्हणून मूळ मालेतल्या देशाचे नाव बदलून 'डेंकाली' करण्यात आले. १९९० साली माला बंद पडल्यानंतर ही जुळवाजुळव कोणत्या विद्यापीठाने केली नाही; ती संग्राहकांनी केली.

चाहत्यांच्या मताने निवाडा फिरल्याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांच्या या हिंदी चित्रपटाचा पिंड मराठी आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात मित्राच्या तोंडून ऐकलेल्या नारायण धारपांच्या कथेतून त्याचे बीज पडल्याचे दिग्दर्शकाने सांगितले आहे, आणि चित्रीकरणापूर्वी त्यांनी त्याची सुमारे ७०० पानांची चित्रसंहिता तयार केली होती. म्हणजे पडद्यावर येण्याआधी हा चित्रपट एक प्रकारची चित्रकथाच होता. २०१८ साली तो प्रदर्शित झाला तेव्हा जाणकारांनी वाखाणला, व्हेनिसच्या समीक्षक-सप्ताहाचा आरंभ त्याने झाला, पण गल्ला बेताचाच जमला. त्यानंतरच्या वर्षांत लोकांनी तो घरी, बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिला, एकमेकांना पाहायला लावला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रगृहांत आला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. ज्यांनी तो दोन्ही ठिकाणी पाहिला त्यांचा अनुभव नोंद घेण्याजोगा आहे : वाड्यातला अंधार, संततधार पाऊस, कंदिलाच्या उजेडाची लहानशी कड, हे सारे हातातल्या काचेवर काळ्या डागासारखे दिसते, आणि मोठ्या पडद्यावर त्या काळोखाला खोली येते. घरी पाहून दिलेले मत आणि चित्रगृहात पाहून दिलेले मत अशी ही दोन मते आहेत, आणि पहिल्या मतानेच लोकांना दुसऱ्याकडे नेले.

या पक्षाचे वैगुण्यही त्याच्या निष्ठेतच आहे. अमेरिकेत चाहत्यांनी सतत मागणी करून 'जस्टिस लीग' या चित्रपटाची दिग्दर्शक झॅक स्नायडर यांची चार तासांची आवृत्ती २०२१ साली प्रदर्शित करावयास लावली. कलावंताची मूळ कल्पना वाचली, असे काहींना वाटले. ग्राहकाच्या हट्टाने कलेची दिशा ठरू लागली, अशी भीती इतरांना वाटली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

६. सामाजिक दृष्टीचा पक्ष

चौथा पक्ष विचारतो की आवड कोणाची, आणि चित्रात कोण कसा दाखविला आहे. 'अमर चित्र कथा' हे या पक्षाचे मुख्य परीक्षणक्षेत्र राहिले आहे. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक दैवतांची माहिती होती पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून आपण या कामाकडे वळलो, असे अनंत पै सांगत. नंदिनी चंद्रा, कार्लिन मक्लेन यांसारख्या अभ्यासकांनी मालेतील वर्ण, स्त्रीचित्रण व इतिहासाची निवड यांची तपासणी केली : गोरे ते सज्जन आणि काळे ते दुर्जन हा रंगांचा शिरस्ता, स्त्रीचा त्याग म्हणजेच तिचे मोठेपण ही धारणा, यांवर त्यांनी बोट ठेवले. मालेच्या बाजूने असे सांगण्यात येते की ज्या घरांत दुसरे कोणतेही सचित्र पुस्तक नव्हते तेथे तिने वाचनाची गोडी लावली, आणि १९७९ मध्येच बाबासाहेब आंबेडकरांवर स्वतंत्र अंक काढला.

या पक्षाने केवळ दोष दाखविले नाहीत, नव्या निर्मितीलाही वाट दिली. ओरिजित सेन यांची नर्मदेवरील चित्रकादंबरी १९९४ ची. महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेली श्रीविद्या नटराजन व अपराजिता निनान यांची कृती २०११ ची. आणि त्याच वर्षीचे, दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने रंगविलेले बाबासाहेबांच्या जीवनावरील 'भीमायन'. या पुस्तकात चौकटच नाही. माणसांना खोक्यांत कोंडावयाचे नाही म्हणून व्याम दांपत्याने गोंड घरांच्या भिंती-अंगणावरील नक्षीच्या वळणदार रेषांनी पाने विभागली. मृदू बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द पक्ष्याच्या आकारात घातले आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली. महाडचे पाणी तेथे केवळ मजकुरातून येत नाही, पानभर वाहते. सातपुड्याच्या कुशीतल्या भिलाला-कोरकू वस्त्यांशी रोजचा संबंध असलेल्या आमच्या भागातील वाचकाला अशा रेषा परक्या वाटत नाहीत. येथे आदिवासी चित्रकला हा संग्रहालयातला विषय नाही.

चित्रपटात नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने हाच प्रश्न उभा केला. शेवटी त्यातल्या जब्या या मुलाने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो, आणि 'तुम्हाला चित्रपट कसा वाटला' या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यालाच उत्तरदायी ठरवितो. या पक्षावरील आक्षेप असा की तो कधी कधी कलाकृतीकडे पुराव्याचा दस्तऐवज म्हणून पाहतो आणि तिच्या आनंदाला हिशेबात धरत नाही. ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांच्या काळी कला कशासाठी यावर जो वाद झाला, त्याचेच हे नवे रूप आहे, असे म्हणता येईल. फरक एवढाच की तेव्हा वादाचा विषय कादंबरी होता, आणि आता वादात ते वाचकही बोलतात ज्यांच्याविषयी पूर्वी केवळ बोलले जाई.

७. रूपांतराचा प्रश्न

चारही पक्षांची कसोटी लागते ती चित्रकथेचा किंवा पुस्तकाचा चित्रपट होतो तेव्हा. जगात या प्रश्नाने २०१९ साली पेट घेतला : मार्टिन स्कॉर्सेसी यांनी मार्व्हलचे चित्रपट हे सिनेमा नसून करमणुकीच्या उद्यानासारखे आहेत असे म्हटले, आणि चाहत्यांनी त्यांना धारेवर धरले. उलट बाजूने, 'वॉचमेन'चे लेखक ॲलन मूर यांनी २००९ च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आपले नावही येऊ दिले नाही.

मराठीत हा प्रश्न लहान प्रमाणावर पण अधिक स्वच्छपणे पाहावयास मिळतो. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ व २०१३ मध्ये 'चिंटू'चे दोन चित्रपट केले. वृत्तपत्रातल्या चिंटूला वय वाढत नाही, त्याचा दिवस तीन चौकटींत सुरू होऊन चौथीत संपतो, आणि कालच्या खोडीची आजच्या खोडीवर जबाबदारी नसते. पडद्याला मात्र दोन तासांची साखळी लागते, कारण-कार्य लागते. चाहत्यांपैकी काहींना आपला चिंटू हाडामांसाचा पाहून आनंद झाला. काहींना वाटले की ज्या रिकाम्या जागेत आपण हसत होतो तीच चित्रपटाने भरून टाकली. आदित्य सरपोतदार यांच्या २०१७ च्या 'फास्टर फेणे'ने दुसरा मार्ग धरला : भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण झाला, आणि स्वतः भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांनी ते रंगविले. मूळ पुस्तकाशी अक्षरशः प्रामाणिक न राहता त्याच्या स्वभावाशी प्रामाणिक राहण्याचा हा प्रयत्न होता. निखिल महाजन यांच्या २०१५ च्या 'बाजी'ने मूळ चित्रकथा नसतानाच मुखवटाधारी मराठी नायक उभा केला, हा प्रयोगही विसरण्यासारखा नाही.

या उदाहरणांवरून सर्व पक्षांना मान्य होईल असा एक किमान मुद्दा निघतो : रूपांतराला मूळ कृतीच्या तागडीतच तोलले तर ते नेहमी कमीच भरेल, आणि मूळ कृतीचे नावच न घेता पाहिले तर त्याने केलेली निवड दिसणार नाही. तोल कोठे साधावा, यावर मात्र मतैक्य नाही.

८. अनिर्णीत बाबी

आता ज्या बाबींचा निकाल लागलेला नाही त्यांची यादी करू.

पहिली बाब भाषेची. मोठे परदेशी चित्रपट आणि जपानी ॲनिमेशनपट आपल्याकडे हिंदी ध्वनिमुद्रणात येतात. मराठी रूप क्वचितच मिळते. हिंदीतून ऐकलेल्या संवादांवरून मूळ लेखकाच्या विनोदाविषयी मत द्यावे काय? ज्याने वेताळ मराठीतच वाचला त्याचा वेताळ मराठीच आहे, असे एक मत. तर ते मत भाषांतरकाराविषयीचे समजावे, असे दुसरे. त्या भाषांतरकारांची नावे बहुधा कोणालाही आठवत नाहीत, ही या वादातली दुःखद बाजू.

दुसरी बाब जतनाची. 'किशोर'चे जुने अंक विनामूल्य वाचावयास खुले झाले, ही आदर्श व्यवस्था होय. खासगी मालांबाबत मात्र चाहत्यांनी अंकांच्या छायाप्रती स्वतःच काढून एकमेकांस दिल्या, आणि त्यामुळेच ते अंक टिकले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आणि चित्रपटाच्या प्रदर्शनानंतर साठ वर्षे हक्क अबाधित राहतात. ली फॉक १९९९ साली वारले, तेव्हा फँटम मुक्त होण्यास अजून दीर्घ काळ आहे. जतन करणारा चाहता आणि हक्काचे उल्लंघन करणारा इसम हे एकच असतात, तेव्हा कायद्याने काय करावे, याचे उत्तर देणारी तरतूद अद्याप झालेली नाही.

तिसरी बाब पडद्याची. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिस येथे पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि पुढील वर्षी तो घरबसल्या उपलब्ध झाला. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' २०२५ च्या जानेवारीत सनडान्स येथे सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक मिळवून सप्टेंबरात आपल्याकडे प्रदर्शित झाला. पूर्वी तालुक्याच्या रसिकाला असे चित्रपट केवळ वाचून माहीत होत; आज ते त्याच्यापर्यंत पोचू शकतात. पण कोणत्या आकारात, कोणत्या आवाजात, किती वेळा थांबवून, हे बदलले की अनुभव बदलतो, आणि त्या बदलाचा हिशेब कसा ठेवावा याची पद्धत कोणत्याच पक्षाने बसविलेली नाही.

चौथी बाब नव्या निर्मितीची. मराठीत चित्रपटांची निर्मिती जोरात आहे, मूळ मराठी चित्रकथांची मात्र विरळ. परिणामी चित्रकथेविषयीचे मराठी मत हळूहळू स्मरणरंजनाकडे झुकते, आणि तरुण वाचक इंग्रजी व जपानी मालांविषयी मराठीत बोलतो. ही स्थिती वाचकांच्या उदासीनतेने आली की प्रकाशकांच्या, यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखविले जाते.

९. उपसंहार

या सर्व कैफियती वाचल्यानंतर कोणत्या एका पक्षाच्या बाजूने हुकूमनामा द्यावा असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही, आणि आढाव्याचे ते कामही नव्हे. चिकित्सकाजवळ शिस्त आहे, लोकांजवळ संख्या आहे, चाहत्याजवळ तपशील आहे आणि सामाजिक दृष्टीजवळ विसरलेली माणसे आहेत; यांपैकी एकाच्या जोरावर बाकीच्यांना बाद करता येत नाही, हे 'संत तुकाराम'पासून 'तुंबाड'पर्यंतच्या उदाहरणांनी दिसते. परंतु चारही पक्ष एका गोष्टीकडे सारखेच दुर्लक्ष करतात, आणि ती दूरच्या गावातून अधिक स्पष्ट दिसते : मत हे नेहमी एका विशिष्ट प्रतीविषयीचे असते.

म्हणून सूचना एवढीच की चित्रकथेविषयी लिहिताना आवृत्ती, भाषा आणि भाषांतरकाराचे नाव, चित्रकथेत काही कापले गेले असल्यास त्याचा उल्लेख, आणि चित्रपटाविषयी लिहिताना तो कोठे, कोणत्या भाषेत व केवढ्या पडद्यावर पाहिला याची एक ओळ मताच्या माथ्यावर देण्याचा शिरस्ता नियतकालिकांनी पाडावा. त्यामुळे वाद मिटणार नाहीत. पण शेवटचे पान फाटलेल्या अंकावर निस्सीम प्रेम करणारा वाचक आणि पूर्ण अंक वाचून त्याला सामान्य ठरविणारा वाचक हे एकमेकांशी भांडत आहेत असे जे वाटते, ते वाटणे तरी थांबेल. आणि खरे मतभेद कोठे आहेत ते पाहण्यास जागा मोकळी होईल.